पाटीवर नाव नाही म्हणून

ताई, सलाम.

माझे वय ५७, राहणार भांडुप. मी आणि माझा एक मित्र भायखळ्याच्या एकाच चाळीत वाढलो. संडे स्कूलला एका बाकावर बसलो. नाताळात घरोघर गाणी म्हणत फिरायचो तेव्हा पेटी त्याच्या गळ्यात आणि ढोलकी माझ्या. पुढे दोघेही मंडळीच्या पंच कमिटीत आलो. अकरा वर्षांपूर्वी चर्चच्या हॉलचे छत गळायला लागले. दुरुस्तीसाठी मी दोन वर्षे ऑफिस सुटल्यावर दारोदार फिरलो, पावतीपुस्तके संपवली, ठेकेदाराशी भांडलो. मंडळीतल्या बायकांनीही फराळ करून विकला, त्याचे काही पैसे आले. हॉल उभा राहिला. उद्घाटनाच्या दिवशी संगमरवरी पाटीवरचा पडदा सरकला, तर पाटीवर बारा नावे होती, माझे नव्हते. यादी माझ्या मित्राने, तेव्हाचा सेक्रेटरी म्हणून, दिली होती. विचारले तर म्हणाला, "अरे, राहून गेले. नावात काय आहे?" तेव्हापासून मी त्याच्याशी बोललेलो नाही. चर्चही बदलले.

मागच्या आठवड्यात त्याच्या बायकोचा फोन आला. तो परळला टाटा हॉस्पिटलात आहे. आता औषध लागू पडत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. "तुमची आठवण काढतात, येऊन जा," म्हणाली. ताई, चूक त्याची आहे. एकदाही त्याने माफी मागितली नाही. आता गेलो तर तो जाणार म्हणून गेलो असे दिसेल, आणि नाही गेलो तर लोक मला दगडाच्या काळजाचा म्हणतील. पाळकसाहेब म्हणतात, नम्र व्हा. नम्र व्हायचे म्हणजे दर वेळी माझ्यासारख्यानेच वाकायचे का? आणि गेलो तर बोलू काय?

— एक वाचक, भांडुप

प्रिय भाऊ, सलाम.

तुमचे पत्र मिळाले त्याच संध्याकाळी मी तुम्हाला एका शब्दाचे उत्तर पाठवले होते: जा. सदर छापून यायला दिवस लागतात आणि तेवढे दिवस तुमच्या मित्राकडे आहेत की नाहीत, कोण सांगणार? तुम्ही गेलात की नाही हे मला अजून कळलेले नाही. गेला नसाल तर वाचणे इथेच थांबवा. भांडुपहून धीमी लोकल पकडा आणि परळला उतरा. उरलेले गाडीत वाचा.

पाटीवर नाव नसणे ही क्षुल्लक गोष्ट आहे असे मी तुम्हाला सांगणार नाही. दोन वर्षे संध्याकाळचा चहा सोडून माणूस जिने चढतो, लोकांची टोलवाटोलवी ऐकतो, आणि शेवटी त्याच दारावर आपले नाव नाही हे सगळ्या मंडळीसमोर बघतो. ते लागतेच. "नावात काय आहे" हे वाक्य तर ज्याचे नाव पाटीवर कोरलेले आहे त्याने उच्चारायलाच नको होते. तुमच्या मित्राची चूक झाली, आणि ती झटकून टाकली ही त्याहून मोठी चूक झाली. हे मी मान्य करते. आता ते बाजूला ठेवून पुढचे ऐकाल?

मी नर्स होते, ३४ वर्षे. वॉर्डात माणूस गेला की त्याच्या अंगावरच्या वस्तू उतरवून आम्ही वहीत नोंद करायचो आणि सही घेऊन नातेवाइकांच्या ताब्यात द्यायचो. घड्याळ एक, चष्मा एक, वरची कवळी, पिवळ्या धातूची अंगठी एक. सोन्याची असे लिहायचे नाही. ती सोन्याची आहे की नाही हे ठरवणे आपले काम नाही, असे आमच्या मोठ्या सिस्टर बजावायच्या. माणूस गिरणीतला जॉबर असो की बँकेतला मॅनेजर, ती यादी चार ओळींच्या पुढे क्वचितच जायची. बायबलच्या स्तोत्र ३९ मध्ये आयुष्याचे माप पंजाच्या रुंदीएवढे सांगितले आहे, म्हणजे चार बोटे. रात्रपाळीला ती वही बंद करताना मला अनेकदा ते स्तोत्र आठवायचे. भीती वाटायची नाही. उलट एक प्रकारचे हलकेपण यायचे. एवढेही जर न्यायचे नाही आणि ठेवायचेही एवढेच, तर उरलेल्या आयुष्यात आपण कशाकशाचा हिशोब मांडत बसलो आहोत, असे वाटायचे.

याकोबाच्या पत्रातले वचन तुम्हाला पाठ असेल: "तुम्ही वाफ आहात, ती थोडा वेळ दिसते, आणि मग दिसेनाशी होते." आपण हे वचन मयताच्या दिवशी वाचतो, म्हणून ते आपल्याला मेलेल्या माणसाबद्दलचे वाटते. याकोब मात्र ते धडधाकट, कमावत्या माणसांना सांगतो आहे. आज ना उद्या अमुक शहरी जाऊ, तिथे वर्षभर राहू, व्यापार करू, असे बेत आखणाऱ्यांना. त्यांचे बेत वाईट नव्हते. उद्याचा दिवस आपल्या खिशात आहे असे ते धरून चालले होते, एवढेच त्यांचे चुकत होते. तुम्हीही नऊ वर्षे तेच धरून चाललात, भाऊ. तो कधीतरी येईल, माफी मागेल, मग मी बोलेन. त्या "कधीतरी"साठी लागणारे दिवस तुमच्याकडे आहेत आणि त्याच्याकडेही आहेत, असे तुम्ही गृहीत धरले होते.

मीही धरले होते, म्हणून हे सांगते. माझ्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण होती. आम्ही एकाच हॉस्टेलवर राहिलो, एकमेकींचे युनिफॉर्म घातले. पुढे एका जागेसाठी दोघींची नावे होती आणि ती जागा तिला मिळाली. तिने काही लबाडी केली नव्हती, तरी मी तशी समजूत करून घेतली, मनातल्या मनात. अकरा वर्षे मी तिला कामापुरते बोलले. निवृत्तीनंतर ती नगरला गेली. ती आजारी आहे हे मला ऑक्टोबरात कळले होते. नाताळ होऊ दे, मग निवांत जाऊ, असे मी ठरवले. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दादरहून रात्रीची एसटी धरली ती तिच्या मातीला जाण्यासाठी. "मातीला माती" असे पाळकांनी म्हटल्यावर सगळ्यांबरोबर मीही मूठभर माती टाकली. त्या अकरा वर्षांत मी तिच्या हातात दिलेली ती एकच गोष्ट. तिच्या मुलीने नंतर मला सांगितले की आई तुमच्या नावाने दर नाताळात एक पत्र लिहायची आणि टाकायची नाही. म्हणजे तीही वाट पाहत होती, आणि मीही.

तुम्ही विचारता, चूक त्याची असताना मी का जायचे? प्रभूने याचे उत्तर दोनदा दिले आहे आणि दोन्ही ठिकाणी वेगळ्या माणसाला दिले आहे. मत्तयच्या ५ व्या अध्यायात तो म्हणतो की वेदीजवळ दान आणलेस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तिथेच ठेव, आधी जा आणि समेट कर. तिथे जायचे आहे ते ज्याने दुखावले त्याने. १८ व्या अध्यायात मात्र तो म्हणतो, तुझ्या भावाने तुझा अपराध केला तर तू त्याच्याकडे जा, तुम्ही दोघेच असताना बोल. इथे निघायचे आहे ज्याला दुखावले त्याने. मला हे फार उशिरा लक्षात आले. प्रभूच्या हिशोबाप्रमाणे दोघेही घरातून निघायला हवेत, म्हणजे वाटेतच भेट होईल. तुमचा मित्र निघाला आहे. पलंगावरून उठता येत नाही, म्हणून त्याने बायकोला फोन करायला लावला. त्याला जमेल तेवढे अंतर त्याने कापले आहे.

आता त्या पाटीबद्दल थोडे. एक गोष्ट तुमच्या पत्रात मला खटकली, ती प्रेमाने सांगते. तुम्ही लिहिता, "मंडळीतल्या बायकांनीही फराळ करून विकला, त्याचे काही पैसे आले." मी असा फराळ केला आहे. पहाटे चारला उठून करंज्यांचे सारण भाजायचे, शेजारणीची कढई मागून आणायची, चकलीच्या भाजणीत मोहन कमी पडले की घाणा फुकट जायचा, दुपारी ड्यूटीवर जाताना पाठ धरलेली असायची. त्या बायका किती होत्या, भाऊ? त्यांच्यातल्या एकीचे तरी नाव पाटीवर होते का? तुमच्या पत्रातही नाही. ज्या गवंड्याने छताला हात लावला त्याचे? तुम्ही त्यांना जाणूनबुजून वगळले नाही. ते तुमच्याकडून राहून गेले. तुमच्या मित्राने वापरलेले शब्द हेच होते, आणि कदाचित ते खरेही असतील. मी हे तुम्हाला खाली बघायला लावण्यासाठी लिहीत नाही. त्या पाटीवर नसलेल्यांची रांग बरीच लांब आहे आणि त्या रांगेत तुमच्याबरोबर चांगली माणसे उभी आहेत, हे तुम्हाला दिसावे असे वाटते.

शिवडीच्या ख्रिस्ती कबरस्थानात तुम्ही कितीदा मातीला गेला असाल. १८६५ पासूनची ती जागा. मुंबईत मेलेल्यालाही जागेची टंचाई, त्यामुळे ज्या घराण्याची कायमची कबर नाही त्यांची कबर काही वर्षांनी उघडतात, हाडे काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि तो खड्डा दुसऱ्या कुणाला देतात. सासऱ्यांच्या वेळी मी तिथे उभी होते. उंचपुरा माणूस, आवाज असा की घरात शिरले की भांडी वाजायची, आणि ते सगळे एका छोट्या पेटीत मावले. त्याच शिवडीत फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स पुरलेले आहेत. १८७८ पासून दहा वर्षे चाललेले बोरीबंदर स्टेशनचे काम त्यांच्या आराखड्यावर झाले. समोरची महापालिकेची इमारतही त्यांचीच. १९०० साली ते मुंबईतच वारले. मी ३४ वर्षे त्या स्टेशनातून गेले-आले आणि बांधणाऱ्याचे नाव मला निवृत्तीनंतर कळले. स्टेशनचे स्वतःचे नावही १९९६ साली बदलले. छत मात्र आजही पावसात लाखो डोकी कोरडी ठेवते. तुमच्या हॉलचे छत आता गळत नाही ना? तिथे लग्नाचे जेवण बसते, पोरांचे संडे स्कूल भरते. ते तुम्ही केले. देवाने ते पाहिले आहे यावर तुमचा विश्वास आहे की नाही, हा प्रश्न मी तुम्हाला विचारते, कारण मला वाटते तुमच्या दुखण्याचे मूळ तिथे आहे.

पौलाचे फिलिप्पैकरांस पत्र जरा या नजरेने वाचा. ते त्याने बंदिवासातून लिहिले. दुसऱ्या अध्यायात ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केले, दासाचे रूप घेतले, मरणापर्यंत आज्ञापालन केले, हे जे वचन आहे ते आपण उत्तम शुक्रवारच्या उपासनेत डोळे मिटून ऐकतो. पण फिलिप्पैच्या त्या मंडळीत त्या वेळी काय चालले होते ते चौथ्या अध्यायात आहे. युवदीया आणि सुंतुखे अशा दोन स्त्रिया. दोघी सुवार्तेसाठी पौलाबरोबर झटलेल्या, आणि दोघींचे आपसात बिनसलेले. पौल एकीला विनंती करतो, मग तीच विनंती दुसरीला पुन्हा वेगळी करतो, म्हणजे कुणी म्हणायला नको की मला दुसरीच्या मागे लावले. चूक कोणाची ते तो लिहीत नाही. भांडण कशाचे तेही नाही. कदाचित एखाद्या पाटीचेच असेल. आज ते कुणालाही ठाऊक नाही. आणि पुढे तो क्लेमेंत आणि इतर सहकाऱ्यांचा उल्लेख करतो. क्लेमेंतचे नाव त्याने घेतले, बाकीच्यांची घेतली नाहीत. त्यांच्याबद्दल एवढेच म्हणतो की त्यांची नावे जीवनाच्या पुस्तकात आहेत. पौलाच्या पत्रातही त्यांची नावे यायची राहून गेली, भाऊ. मी हे वाक्य वाचते तेव्हा त्या फराळ करणाऱ्या बायका माझ्या डोळ्यांपुढे येतात, आणि आता तुम्हीही याल.

नम्र होणे म्हणजे वाकणे का, हा तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि आपल्या मंडळ्यांमध्ये या शब्दाचा पुष्कळ गैरवापर झाला आहे. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बहिणीला "नम्र राहा" म्हणून परत पाठवलेले मी पाहिले आहे, आणि त्याला मी नम्रता म्हणत नाही. अशी बहीण मला लिहिते तेव्हा मी तिला घराबाहेर पडायला सांगते. प्रभूच्या चौकशीच्या वेळी शिपायाने त्याच्या तोंडात मारली, तेव्हा तो गप्प बसला नाही. मी चुकीचे बोललो असलो तर सांग, बरोबर बोललो असलो तर मला का मारतोस, असे त्याने विचारले. योहानाच्या १८ व्या अध्यायात आहे. त्याच माणसाने आदल्या संध्याकाळी कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले होते, त्यात त्याला धरून देणाऱ्या यहूदाचेही. त्याला आपण कोठून आलो आणि कोठे जाणार हे पक्के ठाऊक होते, असे योहान १३ व्या अध्यायात, पाय धुण्याच्या प्रसंगातच सांगतो. म्हणून त्याला पाण्याचे भांडे उचलताना आपण लहान होऊ अशी भीती नव्हती. तुम्हाला आज कोणी पायाखाली घेत नाही. तुम्हाला एक खुर्ची पलंगाजवळ ओढून बसायचे आहे.

लोक काय म्हणतील हे सोडून द्या. तो जाणार म्हणून तुम्ही गेलात असे दिसेल का? दिसेल, कारण ते खरेच आहे. त्यात लाज कसली? मरण जवळ आले म्हणून माणसे शहाणी होतात. मोशेने स्तोत्र ९० मध्ये हेच तर मागितले, आमचे दिवस असे गणायला शिकव की आम्हाला सुज्ञ अंतःकरण मिळेल. राखेच्या बुधवारी कपाळावर जी राख लावतात ती गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून केलेली असते. होसान्ना म्हणत आपण ज्या हलवल्या त्याच. दरवर्षी कपाळावर हात फिरवताना मला वाटते, आपल्या मानाचे आणि अपमानाचे भस्म एकाच रंगाचे असते.

आता बोलायचे काय, ते नर्स म्हणून सांगते. जाण्याआधी वहिनींना फोन करून भेटीची वेळ विचारा. सर्दी-खोकला असेल तर मास्क लावा, हात धुवा. पलंगावर बसू नका, साध्या हालचालीनेही दुखते. उभ्याने बोलू नका, त्याला मान वर करावी लागेल. फळांची टोपली नको, बहुधा त्याला खाववत नसेल. तो बदललेला दिसेल, ओळखू न येण्याइतका. चेहऱ्यावर धक्का दाखवू नका, दाराबाहेर एक मिनिट थांबून मग आत जा. "मी तुला माफ केले" असे म्हणू नका. ते खरे असले तरी त्या खोलीत ते वरून टाकलेल्या नाण्यासारखे वाजते. माफी मागायला लावू नका. त्याने मागितली तर "झाले रे ते" म्हणून उडवूनही लावू नका, कारण त्याने नऊ वर्षे घेऊन ती आणली आहे. ऐका आणि हात धरा. त्याने पाटीचा विषय काढलाच नाही तर तुम्हीही काढू नका. आणि तुमच्याकडून काही राहिले असेल, त्याच्या घरच्या लग्नाला, मयताला तुम्ही गेला नसाल, तर एवढे म्हणा की मी यायला हवे होते. चाळीबद्दल बोला, पेटीबद्दल बोला. दहा मिनिटांत उठा, दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. तो झोपलेला असेल, डोळे उघडत नसेल, तरीही जवळ बसून नाव घेऊन बोला. शेवटपर्यंत ऐकू येत असते असे समजूनच आम्ही वॉर्डात बोलायचो.

वहिनींना विचारा की रात्री त्यांच्याजवळ कोण थांबते. एखादी रात्र तुम्ही थांबलात तर त्यांना घरी जाऊन आंघोळ करून चार तास झोपता येईल.

आणि गीत म्हणावेसे वाटले, तुम्ही दोघे नाताळात म्हणायचात त्यातले, तर हळू आवाजात म्हणा आणि एकच कडवे म्हणा. धाप लागलेली असली तरी अशा माणसाला सोबत म्हणायचे असते. त्याचे ओठ हलायला लागले की तुमची लय जरा कमी करा, म्हणजे तो मागे पडणार नाही.